प्रारूप नकाशातील पिवळा पट्टा आणि आपले बावीस गुंठे

एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्याचा गोषवारा असा : "पुण्याच्या पूर्वेस, महापालिकेच्या हद्दीबाहेर, हवेली तालुक्यातील आमच्या गावी सासऱ्यांकडून वाट्याला आलेली २२ गुंठे जमीन माझ्या आणि धाकट्या जावेच्या नावावर आहे. २०२१ मध्ये पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) विकास आराखडा आला, तेव्हा आमचा गट रहिवास विभागात दाखवला होता आणि गटाच्या उत्तरेकडून १८ मीटर रुंदीचा रस्ता आखला होता. त्याच हिशेबाने एका विकसकाने दर ठरवून आम्हाला विसार दिला. आता तो म्हणतो की, आराखडा रद्द झाल्यामुळे जमीन पुन्हा शेतीची झाली, तेव्हा दर निम्मा करा. नाही तर तीन वर्षे थांबा आणि तोवर मला कुलमुखत्यारपत्र लिहून द्या. त्यातच माझ्या मुलाने शेजारच्या गावात, माहितीपत्रकावर 'प्रस्तावित आर झोन' (रहिवास विभाग) असे छापलेल्या प्लॉटिंगमध्ये दोन गुंठ्यांसाठी २ लाख रुपये भरले आहेत. आमच्या जमिनीचा झोन नेमका कोणता? ती विकावी की राखावी? मुलाचे पैसे बुडाले का? आणि उद्या नवा आराखडा आला, तर आमचे म्हणणे कोणी ऐकेल का?"

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

विकसकाने आपल्याला सांगितलेल्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे आणि उत्तरार्ध खोटा आहे. आराखडा रद्द झाला, हे खरे. परंतु आपली जमीन 'पुन्हा' शेतीची झाली, हे खरे नाही, कारण ती रहिवासाची कधी झालीच नव्हती. आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे या एका फरकातून निघतात, म्हणून तो आधी नीट समजून घेऊ.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले आणि २०२१ मध्ये त्याने जो नकाशा प्रसिद्ध केला, तो प्रारूप विकास आराखडा होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम २६ खाली असा प्रारूप आराखडा लोकांसमोर ठेवला जातो तो हरकती आणि सूचना मागवण्यासाठी; त्यानंतर सुनावणी होते, समितीचा अहवाल येतो, नकाशात फेरबदल होतात आणि शेवटी कलम ३१ खाली राज्य शासन त्याला मंजुरी देते. या आराखड्यावर ६७ हजारांच्या आसपास हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले आणि २०२५ मध्ये शासनाने तो मंजुरीपूर्वीच रद्द केला. म्हणजे आपला गट नकाशातील ज्या पिवळ्या, म्हणजे रहिवास विभागाच्या, पट्ट्यात होता, तो पट्टा केवळ प्रस्ताव म्हणून कागदावर आला आणि प्रस्ताव म्हणूनच गेला. या संपूर्ण काळात आपल्या गावाला लागू होती ती १९९७ मध्ये मंजूर झालेली पुणे प्रादेशिक योजना, आणि आजही आपल्या जमिनीचा झोन त्याच योजनेच्या नकाशावरून ठरतो. आपण म्हणता त्यावरून तिच्यात आपला गट शेती विभागात असावा. तथापि 'असावा' या शब्दावर व्यवहार होत नाहीत, म्हणून गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा प्राधिकरणाकडे अर्ज करून आपण स्वतःच्या नावे काढून घ्यावा. विकसकाने आणून दिलेली प्रत यासाठी चालणार नाही.

प्रारूप आराखड्याचा एक गुण फार थोड्या लोकांना ठाऊक असतो आणि त्यानेच बहुतेक घोटाळे होतात. परवानगीचा अर्ज विचारात घेताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचाही योग्य तो विचार करावा, असे याच अधिनियमाचे कलम ४६ सांगते. त्यामुळे प्रारूपात आपल्या जमिनीवर शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडले, तर ते मंजूर होण्यापूर्वीच आपली बांधकाम परवानगी अडू शकते. परंतु प्रारूपात जमीन रहिवास विभागात दाखवली, म्हणून मंजुरीपूर्वी तेथे रहिवासी इमारतीची परवानगी मिळते, असे सर्वसाधारणपणे होत नाही. प्रारूप वाट अडवू शकते, मोकळी करून देऊ शकत नाही. आपल्याशी दर ठरवणाऱ्या विकसकाला हे ठाऊक नव्हते, असे मानणे मला अवघड जाते. जमिनीचा धंदा करणाऱ्या माणसाला हे पहिल्या वर्षी समजते.

मागे एक कुटुंब माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते, त्यांची आठवण आपले पत्र वाचताना झाली. वडील, दोन मुलगे आणि एक सून. सुनेने पिशवीतून चार घड्या घातलेला नकाशा काढून टेबलावर पसरला. ती काळी-पांढरी छायाप्रत होती. आराखड्याच्या नकाशात रहिवास विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा असतो. छायाप्रतीत दोन्ही सारखेच करडे झाले होते आणि त्यांच्या गट क्रमांकाभोवती कोणी तरी लाल पेनाने वर्तुळ काढून बाजूला 'आर' असे लिहिले होते. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जेथे योजनेचे नाव, कलम आणि दिनांक छापलेला असतो, तो भाग प्रत काढताना कापला गेला होता. त्या एका लाल वर्तुळावर त्या कुटुंबाने वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे लावले होते. तेव्हापासून कोणीही नकाशा पुढे केला की मी आधी खालचा कोपरा पाहतो, आणि आपणही तसेच करावे : योजना कोणती, ती कोणत्या कलमाखाली प्रसिद्ध झाली आणि दिनांक कोणता.

आता शब्दांच्या गल्लतीविषयी, कारण आपल्या मूळ पत्रात झोन, आरक्षण आणि एनए हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आले आहेत. झोन म्हणजे त्या जमिनीवर कोणता वापर करता येईल, याची मर्यादा. आरक्षण म्हणजे ती जमीन शाळा, रस्ता, दवाखाना, उद्यान अशा विशिष्ट सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणे. आणि एनए, म्हणजे बिनशेती वापर, हा महसूल खात्याचा विषय आहे. सातबारावर यांपैकी झोनचा उल्लेख नसतो. सातबारा कितीही स्वच्छ असला, तरी त्यावरून झोन कळत नाही. हा फरक केवळ पुस्तकी नाही. आरक्षित जमीन प्राधिकरणाने १० वर्षांत घेतली नाही, तर मालकाला कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. शेती विभागाला मात्र हे कलम लागू होत नाही. शेती विभाग हे आरक्षण नव्हे, म्हणून तो किती वर्षे राहिला तरी आपोआप संपत नाही, आणि केवळ जमीन त्या विभागात आहे म्हणून तिची किंमत कमी राहिली, याबद्दल भरपाईही मिळत नाही.

नकाशावरील एक रंग मालकाच्या आयुष्यावर किती दूरवर परिणाम करतो, हे पाहायला पुण्याच्या टेकड्यांकडे पाहावे. १९९७ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखण्याचा प्रस्ताव आला. तेथे ज्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन ठेवले होते, त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. २०१५ मध्ये शासनाने आरक्षण कायम केले आणि मोबदला ठरवला तो ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टेकड्या वाचल्याच पाहिजेत, या मताचा मी आहे. परंतु ज्या शिपायाने किंवा रिक्षाचालकाने आयुष्याची पुंजी तेथे घातली, त्याला विकणाऱ्याने 'पुढे सगळे होईल' एवढेच सांगितले होते, हेही मी विसरू शकत नाही.

आपल्या व्यवहाराकडे वळतो. झोन बदलला की जमिनीचे गिऱ्हाईकच बदलते. शेती विभागातील जमीन घ्यायची, तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. जमीन रहिवास विभागात मंजूर झाली की हे बंधन सैल होते आणि शहरातला नोकरदारही खरेदीदार म्हणून उभा राहतो. दर चढतो, याचे पहिले कारण हे. दुसरे कारण एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत एफएसआय मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. रस्ता अरुंद असेल, तर मूळ एफएसआयवर थांबावे लागते. रस्ता जसजसा रुंद, तसतसा अधिमूल्य (प्रीमियम) भरून आणि टीडीआर घेऊन मिळणारा एफएसआय वाढतो. विकसकाने आपल्याला दिलेला दर, माझ्या अंदाजाने, पिवळ्या रंगापेक्षाही त्या १८ मीटरच्या रस्त्याचा होता. आराखड्याबरोबर तो रस्ताही गेला. आज आपल्या गटापर्यंत जी पाणंद येते, तिची रुंदी टेप लावून मोजा आणि ती गावाच्या नकाशात आहे का, ते तलाठी कार्यालयात पाहा.

त्या रस्त्याची दुसरी बाजूही आपल्या लक्षात आणून देतो. २२ गुंठे म्हणजे सुमारे २,२२५ चौरस मीटर. समजा, आपल्या गटाची उत्तरेकडील बाजू ४० मीटर आहे आणि रस्त्याची पूर्ण रुंदी आपल्याच बाजूला आली. तर ७२० चौरस मीटर, म्हणजे सात गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन रस्त्याखाली जाते. तिचा मोबदला रोखीने, एफएसआयच्या रूपाने किंवा टीडीआरने मिळतो हे खरे. परंतु विकसकाने दर २२ गुंठ्यांवर लावला होता की उरलेल्या पंधरांवर, आणि रस्त्याचा मोबदला कोणी घ्यायचा होता, हे आपल्या विसार पावतीत आहे का? नसेल, तर मूळचा व्यवहारही आपण समजत होता तितका चांगला नव्हता.

म्हणून दर निम्मा करण्याची मागणी मान्य करण्यापूर्वी ती पावती घेऊन आपल्याच तालुक्यातील दिवाणी वकिलाकडे जावे. पावतीत मुदत किती लिहिली आहे, ती केव्हा संपली, आणि व्यवहार आराखड्याच्या मंजुरीवर अवलंबून राहील अशी अट आहे का, या तीन गोष्टी त्यांना दाखवाव्यात. तशी अट नसेल, तर ठरलेला दर एकतर्फी खाली आणण्याचा अधिकार विकसकाला मिळत नाही; मुदत संपूनही त्याने पैसे दिले नसतील, तर व्यवहार मोडण्याची नोटीस आपण देऊ शकता. विसार परत करायचा की कापून घ्यायचा, हे पावतीच्या भाषेवर ठरेल. आपल्या जावबाईंची संमती आणि सही प्रत्येक कागदावर लागेल, तेव्हा त्यांना पहिल्या भेटीपासूनच सोबत न्या. दोन जावांमध्ये गैरसमज निर्माण करून दर पाडणे ही या धंद्यातील जुनी रीत आहे.

कुलमुखत्यारपत्र देऊ नका. ताई, हे मी आपल्याला आर्जवाने सांगतो आहे. तीन वर्षे थांबायचे आणि तोवर सगळे अधिकार त्याच्या हाती द्यायचे, याचा अर्थ नवा आराखडा आपल्या बाजूने आला तर लाभ त्याचा, आणि विरुद्ध गेला तर जमीन आपली. त्याला खरोखर थांबायचे असेल, तर नोंदणीकृत करार करावा. त्यात आजच्या झोनप्रमाणे ठरलेली रक्कम आज द्यावी, आणि ठरावीक वर्षांत गट मंजूर आराखड्यात रहिवास विभागात आला तर आणखी किती द्यायचे, ते आकड्यात लिहावे. 'मंजूर' हा शब्द त्यात असलाच पाहिजे. अशा कराराला जो नकार देतो, त्याच्या मनात काय आहे ते आपोआप कळते.

विकावी की राखावी, हे आपल्या घरातील गरजेवर आहे आणि ते मी दुरून ठरवू नये. गरज नसेल, तर माझा कल राखण्याकडे आहे, कारण नवा आराखडा केव्हा तरी होणारच आणि शहर आपल्या गावाकडे येत आहे, हे कोणत्याही नकाशाशिवाय दिसते. परंतु राखताना शेती चालू ठेवा, विहीर पडू देऊ नका, पीकपाहणी दरवर्षी लावा. याला करांचाही संदर्भ आहे. खेड्यातील शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही, असे गावोगाव सांगितले जाते. परंतु १० लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत, आणि तेही सरळ रेषेत मोजून, असलेली शेतजमीन ही भांडवली मालमत्ता ठरते. आपले गाव त्या अंतरात येत असावे. आधीची दोन वर्षे जमीन कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्या नफ्यावर सवलत मिळू शकते. सातबारावरील पिकांच्या नोंदी तेव्हा उपयोगी पडतात. लेखापालाला दर ठरण्यापूर्वी विचारावे. खरेदीखत झाल्यावर विचारून फारसा उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट पडताळून पाहा. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणालगतच्या शेती विभागातील जमिनींना, ठरावीक अंतरापर्यंत, अधिमूल्य भरून रहिवासी वापराची तरतूद नियमावलीत आहे. आपला गट गावठाणाच्या हद्दीपासून किती दूर आहे? ते अंतर बसत असेल, तर नव्या आराखड्याची वाट न पाहताही आपल्या जमिनीला वेगळी किंमत आहे, आणि विकसकाने ते मोजून ठेवले असेल, तर त्याच्या घाईचे कारणही तेच असू शकते.

आता आपल्या मुलाविषयी. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्याने विक्रेत्याकडे तीन कागद लेखी मागावेत : मंजूर योजनेवर आधारित झोन दाखला, प्राधिकरणाने मंजूर केलेला रेखांकनाचा (लेआउटचा) नकाशा आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. एकूण जमीन ५०० चौरस मीटरहून अधिक आणि प्लॉट आठाहून अधिक असतील, तर प्लॉटिंगलाही महारेराची नोंदणी लागते आणि तिच्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. 'प्रस्तावित आर झोन' हे शब्द २०२१ च्या प्रारूपावरून आले असतील, तर तो प्रस्तावच आता उरलेला नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ खाली, माहितीपत्रकातील खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरणाऱ्याला ते व्याजासह परत मागता येतात. म्हणून ते माहितीपत्रक, पैसे भरल्याची पावती आणि दलालाचे व्हॉट्सअॅपवरील संदेश आजच एकत्र करून ठेवावेत. आधी नोंदणीकृत टपालाने नोटीस, मग तक्रार. पैसे बुडाले असे आज म्हणता येत नाही, पण पुढचा हप्ता मात्र एक रुपयाही भरू नये.

कदाचित त्याला असे सांगितले जाईल की, दहा-अकरा जण मिळून एकच सामाईक खरेदीखत करू आणि आत कुंपण घालून घेऊ. तसे केल्यास त्याच्या वाट्याला येतो तो अविभक्त हिस्सा. कुंपणाच्या तारेला कायद्यात किंमत नाही. २०२५ मध्ये शासनाने जमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई करणारा तुकडेबंदी कायदा सैल केला आहे, असेही सांगतील. तो सैल झाला हे खरे, परंतु तुकडा नियमित होणे आणि त्यावर घर बांधण्याची परवानगी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी झोन आणि रस्ता पाहूनच मिळते. बँक कर्ज देते का, ही साधी कसोटीही त्याने लावून पाहावी.

शेवटचा प्रश्न, आपले म्हणणे कोण ऐकेल हा. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी दिलेली मुदत जेमतेम महिनाभराची असते, आणि ती राजपत्रात व वर्तमानपत्रातील बारीक टाइपाच्या सूचनेपासून मोजली जाते, आपल्याला कळल्यापासून नव्हे. हद्दी बदलल्या की नियोजन प्राधिकरणही बदलू शकते. २०१७ मध्ये महापालिकेत आलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे पुढे बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणून आपल्या गावाचे प्राधिकरण त्या वेळी कोणते आहे, हे आधी पाहावे लागेल. छापील मसुद्यावर फक्त गट क्रमांक बदलून दिलेल्या हरकतींचा निकाल एका ओळीत लागतो, असा माझा अनुभव आहे. आपण स्वतंत्र अर्ज द्यावा. 'आमचे नुकसान होते' हे वाक्य त्यात असू द्या, पण त्यावर थांबू नका. आपली विहीर कोठे आहे, घरे कोठे आहेत, रस्ता दहा मीटर उत्तरेला सरकवला तर कोणती पडीक किंवा सरकारी जमीन वापरता येते, हे मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, दाखवून द्या, विहिरीचे छायाचित्र जोडा, पोच घ्या, आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः जा. सुनावणी घेणाऱ्यांसमोर मोजमाप ठेवले की चर्चा मोजमापाची होते. आपण इतकी वर्षे वर्ग सांभाळला आहे. पाच मिनिटांत मुद्दा मांडणे आपल्याला जड जाणार नाही.

या आठवड्यात करण्याचे काम एवढेच : झोन दाखल्याचा अर्ज करावा, पाणंद मोजावी आणि वकिलांची वेळ घ्यावी. विकसक मधल्या काळात 'पावती सुधारून देतो' म्हणून विसाराची मूळ पावती मागेल. ती देऊ नका, छायाप्रत द्या, आणि तीही रंगीत.